छातीचा फोटो, टॉवर आणि आत्याचा फॉरवर्ड

माझी आत्या तीन आठवडे खोकतेय. सोमवारी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला, तर चिठ्ठी पिशवीत घालून ती सरळ सोलापूरजवळच्या कुंभारीला परत गेली. का, म्हणून विचारलं तर फोनच पुढं केला. "वाच की. सगळ्यांना आलंय." विडी कामगारांच्या वसाहतीत सगळ्यांना आलंय म्हणजे हजारो घरांत आलंय. दारोदार समजावत फिरायला माझ्याकडं रजा नाही, म्हणून इथं लिहितोय.

मेसेजचा ऐवज असा: एक्स-रे, मोबाईल टॉवर, मायक्रोवेव्ह, टीव्हीचा रिमोट, सगळं एकच 'रेडिएशन'. छातीचा एक फोटो म्हणजे टॉवरखाली दहा वर्षं. ती किरणं हाडांत सहा महिने मुरून राहतात, 'म्हणूनच फोटो काढणारा भिंतीआड पळतो'. मोबाईलनं कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलंय. आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, फोन बंद ठेवा. आणि या सगळ्यावर उतारा काय, तर फोनच्या कव्हरात तांब्याचं नाणं!

आत्या अडली ती 'मुरून राहतात' या शब्दांवर, म्हणून आधी तेच. एक्स-रे हा उजेडाच्याच जातीचा, फक्त डोळ्यांना न दिसणारा. लाईट गेल्यावर खोलीत उजेड मुरून राहतो का? आपल्याकडं लाईट जायची कमी नाही, आज रात्रीच बघा. बटण सुटलं की एक्स-रे संपला. काही किरणं शरीर तेवढ्यापुरती अडवतं, उरलेली पार जाऊन पलीकडं फोटो उमटवतात. हाडं जास्त अडवतात, म्हणून तर ती पांढरी दिसतात. साठत काही नाही. डिसेंबर 1895 मध्ये एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेननं आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला, तेव्हा तिला चांगली पंधरा मिनिटं हात धरून बसावं लागलं होतं. बाई त्यानंतर 1919 पर्यंत जगल्या. हा काही पुरावा नव्हे, आणि तसं बसायला आज कुणी सांगणारही नाही. आता तेच काम सेकंदाच्या अंशात होतं.

मग फोटो काढणारा भिंतीआड का जातो? आत्या, तू रोज हजार विड्या वळतेस. तंबाखूची धूळ दिवसभर तुझ्या नाकात. मी घटकाभर चहाला येतो आणि जातो. दोघांच्या छातीत सारखीच धूळ जाते का? तो माणूस रोज डझनावारी फोटो काढतो, वर्षानुवर्षं. त्यानं आड जायलाच हवं. तुझा फोटो एक.

हिशेबच हवा असेल तर छातीच्या एका फोटोचा डोस साधारण 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्ट (एक्स-रेसारख्या किरणांचा शरीराला मिळणारा डोस मोजायचं माप). जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांच्याकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट फुकट मिळतोच. म्हणजे एक फोटो हा तीन दिवस ते दोन आठवड्यांचा वाटा. 'टॉवरखाली दहा वर्षं' या वाक्याला तर अर्थच नाही. टॉवरच्या लहरी या मापानं मोजतच नाहीत. सोलापुरी चादर लिटरमध्ये मोजल्यासारखं झालं ते.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, नाइलाजानं. एक्स-रे निरुपद्रवी नाही. त्यात पेशीतले रेणू तोडण्याइतका जोर असतो, म्हणून उगाच हौसेनं काढू नये, आणि गरोदर बाईनं आधी सांगायलाच हवं. छातीच्या सीटी स्कॅनचा डोस साध्या फोटोच्या कितीतरी पट असतो. तिथं 'गरज आहे का' असं डॉक्टरांना जरूर विचारा. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला असेल, तर थुंकीची तपासणी आणि छातीचा फोटो ही गरजच आहे. टीबी असला तर तो काही फॉरवर्ड वाचून थांबणार नाही.

'सगळं एकच' हे अर्धं खरं. कूळ एक, जोर वेगळा. दिसणाऱ्या उजेडाच्या एका कणात दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं माप) ऊर्जा असते. एक्स-रेच्या कणात हजारो. मोबाईल आणि मायक्रोवेव्हच्या कणात एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा लाखावा भाग, फार तर थोडा इकडंतिकडं. तेवढ्यात गरम होईल, रेणू तुटणार नाही. रिमोटचं म्हणाल तर फोनचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड समोर धरा आणि बटण दाबा. बहुतेक फोनवर छोटा दिवा लुकलुकताना दिसेल. तो दिवा म्हणजे ते भयंकर रेडिएशन.

आता जागतिक आरोग्य संघटना. तिच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं मे 2011 मध्ये मोबाईलच्या लहरी 2ब गटात टाकल्या, म्हणजे 'कदाचित कारण असू शकेल' हा गट. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. पहिल्या, म्हणजे पक्क्या पुराव्याच्या गटात एक्स-रे आहे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक असतं तर त्यानं नाचून सांगितलं असतं. पण त्याच गटात ऊनही आहे आणि तंबाखूही आहे. गट पुरावा किती पक्का ते सांगतो. धोका किती मोठा, ते किती डोस मिळाला यावर. सोलापूरच्या उन्हात मे महिन्यात फिरणाऱ्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांनी टॉवरची काळजी करावी, याचं हसू येतं.

कॉस्मिक किरणांवर वेळ घालवत नाही. ते उजेड नव्हेत, बहुतेक प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण असतात. व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञानं 1912 मध्ये फुग्यातून वर जाऊन त्यांचा छडा लावला. ते अहोरात्र पडतात, साडेबाराची वाट बघत नाहीत. हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यात कायम 'आज रात्री' असतं.

नाण्यानं काहीच अडत नाही. धातूनं अँटेना खरंच झाकली गेली, तर फोन रेंजसाठी उलट जास्त जोर लावतो. आत्याच्या कव्हरात ते नाणं अजून आहे. राहू दे. गुरुवारी सकाळी रिक्षा घेऊन ये म्हणालीय, चिठ्ठी सापडली आहे.