जीपीएस नाही म्हणून व्हीएचएफ निकामी?

बोटवाल्यांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: बोटीवर जीपीएस नसेल तर व्हीएचएफ सेट (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) म्हणजे शोभेचा डबा. सेटवरचं संकटाचं लाल बटण दाबून काही होत नाही, अक्षांश-रेखांशाशिवाय तुम्हाला कोणी शोधू शकत नाही, त्यापेक्षा मोबाइल बरा. यातला एक धागा खरा आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं.

पहिली गोष्ट, बोलायला आणि ऐकायला उपग्रह लागतच नाही. संकटाची हाक चॅनल 16 वर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झवर द्यायची. त्यासाठी हवी चार्ज असलेली बॅटरी आणि धड अँटेना. पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो: दोन्ही बोटींच्या अँटेना पाण्यापासून 4 मीटरवर असतील तर साधारण 9 सागरी मैल, किनाऱ्यावरचा मनोरा 100 मीटर उंच असेल तर 27 च्या आसपास. पहिला जीपीएस उपग्रह 1978 साली सुटला. बोटी त्याच्या कितीतरी आधीपासून व्हीएचएफवर बोलत होत्या.

लाल बटणाबद्दलचं म्हणणं अर्धवट खरं आहे. ते दाबलं की चॅनल 70 वरून अंकी संदेश जातो. सेटला स्थान ठाऊक नसेल तर त्या जागी नुसते 9 भरले जातात. पण बोटीचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची तिची ओळख, जातोच, आणि पोच येईपर्यंत सेट दर चारेक मिनिटांनी तोच संदेश पुन्हा पाठवत राहतो. क्रमांक नीट नोंदवलेला असेल तर किनाऱ्यावर बोटीचं नाव, वर्णन आणि घरचा फोन सापडतो. तो क्रमांक सेटमध्ये भरलेलाच नसेल तर बहुतेक सेटवर हे बटण खरोखरच निकामी. त्यात जीपीएसचा काही दोष नाही.

शिवाय स्थान मेनूतून हातानेही भरता येतं. चार तासांनी सेट आठवण करतो, साडेतेवीस तासांनी जुनं स्थान पुसून टाकतो. मी म्हणेन, चार तास थांबूच नका. पाच नॉटने जाणारी बोट तेवढ्यात 20 मैल पुढे गेलेली असते.

आता अक्षांश-रेखांश. नकाशावरच्या एखाद्या खुणेपासूनची दिशा आणि अंतर सांगितलं तरी चालतं, फक्त दिशा उलटी सांगू नका. समजा दीपगृह तुम्हाला 45 अंशांवर, 3 मैलांवर दिसतंय. म्हणजे तुम्ही त्याच्या नैऋत्येला आहात. रेडिओवर खुणेपासून बोटीकडची दिशा द्यायची असते: ‘दीपगृहापासून 225 अंश, 3 मैल.’ घाबरलेला माणूस दिसलेले 45 तसेच सांगून मोकळा होतो आणि मदत ईशान्येला, तुमच्यापासून 6 मैलांवर शोधत बसते. अंश होकायंत्रावरचे असतील तर तेही सांगा.

‘कोणी शोधू शकत नाही’ हे तर साफ चूक. अनेक तटरक्षक केंद्रांकडे आवाज कोणत्या दिशेने येतोय हे टिपणारी यंत्रणा असते. एका केंद्राने रेषा मिळते, दोन केंद्रांच्या रेषा छेदल्या की ठिकाण. म्हणून ‘आकडे मोजत राहा’ असं सांगितलं तर वैतागू नका. बोलायचं बटण दाबून मोजत राहा. 1912 मध्ये टायटॅनिकने वायरलेसवर कळवलेलं स्थान सुमारे 13 सागरी मैलांनी चुकलेलं होतं. तरी कार्पेथिया हे जहाज मदतीला निघालं, आणि जीवनबोटीतल्या हिरव्या ज्योती दिसल्यावर लोक सापडले. नशिबाचा भाग होताच, पण हाक गेली नसती तर नशीबही कामाला आलं नसतं.

मोबाइल जवळ ठेवाच, पण तो एकाच माणसाला लागतो, तोही टॉवर असेल तर. चॅनल 16 वरची हाक दोन मैलांवरच्या बोटीलाही ऐकू जाते, आणि बऱ्याचदा सगळ्यात आधी तीच पोचते.

नवा सेट घेताना आत जीपीएस असलेलाच घ्या, त्यात वाद नाही. आहे तो सेट मात्र चालू ठेवा आणि शेजारी एक कागद चिकटवा: ‘मेडे’ (संकटाच्या हाकेचा शब्द) तीनदा, बोटीचं नाव तीनदा, एमएमएसआय, पुन्हा ‘मेडे’ आणि नाव, मग ठिकाण, काय झालंय, कसली मदत हवी, बोटीवर किती माणसं. शेवटी ‘ओव्हर’ म्हणून बोलायचं बटण सोडा, नाहीतर उत्तर ऐकूच येणार नाही.