मांजर पोत्यात घालण्याआधी: फिरत्या संदेशाला उत्तर

माझ्या भाचीला चौथा महिना लागला आणि त्याच आठवड्यात तिच्या सासरच्या ग्रुपवर तो संदेश आला. “घरात गरोदर बाई असेल तर मांजर ताबडतोब बाहेर काढा,” अशी सुरुवात. खाली कारणं दिलेली: मांजराच्या श्वासातून आणि केसांतून ‘टॉक्सो’ नावाचा रोग होतो, बाळ आंधळं जन्मतं. मांजराचा केस पोटात गेला की दमा जडतो. तान्ह्या बाळाच्या तोंडाला दुधाचा वास येतो म्हणून मांजर त्याच्या छातीवर बसून श्वास ओढून घेतं. ठेवायचंच असेल तर निदान मासे-मटण न देता दूधभातावर ठेवा. पण सोडून येणंच बरं, कारण मांजराला माणसाचा लळा नसतो, ते कुठेही जगतं, पाप लागत नाही. आणि शेवटी, पूर्वजांनी मांजर अशुभ मानलं ते उगाच नाही.

भाचीच्या सासूबाई निर्दय नाहीत. त्यांनीच सहा वर्षं त्या मनीला वाडगं भरून घातलंय. पण ‘बाळ आंधळं’ हे दोन शब्द वाचल्यावर त्यांनी मुलाला माळ्यावरचं पोतं काढायला सांगितलं. भाचीने रडत मला फोन केला. तेव्हापासून मी हा संदेश आणखी तीन ठिकाणी पाहिला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षं मांजरं सांभाळलीत, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्या सोबतीने झाली आणि दोन्ही वेळा हीच भीती मी डॉक्टरांपुढे ठेवून तिची उत्तरं घेतली.

टॉक्सोपासूनच सुरुवात करायला हवी, कारण संदेशातल्या ज्या गोष्टीच्या मुळाशी सगळ्यात जास्त खरं आहे ती हीच. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी. तो खरा आहे. गरोदरपणात आईला पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर तो बाळापर्यंत पोचू शकतो, आणि बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते हेही खरं. या परजीवीची अंडी (सोप्या भाषेत अंडीच म्हणूया) फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात, हेही खरं. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. यापुढे तो चुकतो.

श्वासातून टॉक्सो येत नाही. मांजराला कुरवाळून, मांडीवर घेऊन तो होत नाही. मांजराला लागण होते ती उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन. पहिल्या लागणीनंतर साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या शीतून अंडी पडतात, आणि एकदा तो काळ संपला की बहुतेक मांजरांच्या बाबतीत पुन्हा पडत नाहीत. शिवाय पडलेली अंडी लगेच कुणाला बाधत नाहीत. ती पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराच्या शीचा ट्रे (लिटर ट्रे) रोज साफ केला तर धोका तिथेच बराचसा संपतो. भाचीच्या नवऱ्याला मी सांगितलं ते एवढंच: लिटरचा ट्रे आता रोज सकाळी तू काढायचास, तिने हातही लावायचा नाही, आणि ट्रे उकळत्या पाण्याने धुवायचा. घरात दुसरं कुणी नसेल तर बाईने हातमोजे घालून काढावा आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

मग माणसाला हा रोग होतो तरी कुठून? २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास छापून आला होता. लागणींपैकी ३० ते ६३ टक्के अर्धंकच्चं मांस खाण्याशी जोडता आल्या, ६ ते १७ टक्के मातीशी. घरात मांजर असणं हा वेगळा धोका म्हणून पुढे आलाच नाही. आपण मटण कुकरला चार शिट्ट्या देऊन खातो, तेव्हा युरोपातले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडे पाणी, माती आणि न धुतलेल्या पालेभाज्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. २००४-०५ मध्ये कोइम्बतूरला टॉक्सोमुळे डोळ्यांच्या आत सूज येण्याची मोठी साथ आली होती, अडीचशेच्या आसपास रुग्ण होते, आणि संशय गेला तो शहराच्या पाणीपुरवठ्यावर.

आता संदेश पुढे ढकलणाऱ्या घरांतली रोजची दृश्यं आठवा. सून तुळशीची माती उघड्या हाताने मोकळी करते, त्याच कुंडीत शेजारपाजारची मांजरं रात्री उकरून जातात. कोथिंबीर नळाखाली जेमतेम धरून ताटावर भुरभुरतात. खिमा मळताना मीठ बघायला कच्चाच जिभेवर ठेवतात. मटण चिरलेल्या विळीवर लगेच काकडी चिरतात. संदेशात यातलं एकही वाक्य नाही. सगळा दोष टोपलीत झोपलेल्या मनीवर, जी वर्षानुवर्षं तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही आणि जिला शिजवलेलंच मिळतं.

याच संदर्भात ‘टॉर्च’ तपासणीबद्दल, म्हणजे टॉक्सोसारख्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांसाठी गरोदरपणात होणाऱ्या रक्ततपासणीबद्दल. रिपोर्टवर टॉक्सोसमोर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात हाहाकार होतो आणि मांजर त्याच संध्याकाळी जातं. आयजीजी आणि आयजीएम ही लागणीविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची नावं. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह याचा अर्थ बहुतेक वेळा असा की लागण पूर्वी कधीतरी होऊन गेली आहे आणि शरीराकडे तिच्याविरुद्धचं संरक्षण आहे. अशा आईकडून बाळाला लागण होणं फार दुर्मीळ. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर मात्र डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात, कारण तेही कधीकधी जुन्या लागणीनंतर बरेच महिने रेंगाळतं. तेव्हा रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका, आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हो, एक पथ्य जरूर पाळा: गरोदरपणात रस्त्यावरचं नवं पिल्लू घरात आणू नका. त्याने काय खाल्लंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

केसाचं उत्तर थोडक्यात. गिळलेला केस अन्ननलिकेतून पोटात जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो. दमा श्वासनलिकेचा, त्याचा त्या केसाशी संबंध नाही. ज्यांना मांजराची ॲलर्जी असते त्यांना ती मुख्यतः मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या एका प्रथिनाची असते. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत उडतात. घरात कुणाला आधीच दमा असेल आणि मांजर जवळ आलं की छाती भरत असेल, तर तो गंभीर प्रश्न आहे, डॉक्टरांकडे जायलाच हवं. मी त्याला खोटं म्हणत नाही. पण निरोगी माणसाला मांजराचा केस गिळून दमा जडत नाही.

संदेश खऱ्या काळज्यांबद्दल गप्प आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं. पिल्लांकडून गजकर्ण येतं, घरातल्या मुलांच्या मानेवर-हातांवर गोल चट्टे उठतात. जंत होतात, म्हणून मांजराला ठरावीक काळाने जंताचं औषध द्यावं लागतं. आणि रेबीज. कुत्र्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण मांजर चावूनही रेबीज होऊ शकतो. अनोळखी मांजर चावलं, किंवा बोचकारून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. बाई गरोदर असली तरीही. गरोदरपणात ही लस घेता येते, ती टाळणं जिवावर बेतू शकतं. हळद भरून, चुना लावून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. घरच्या मांजराचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी वेळेवर द्या, म्हणजे ही धडधड पुष्कळ कमी होते.

श्वास ओढून घेण्याची गोष्ट माझ्या पहिल्या बाळंतपणात मलाही ऐकवली होती. मांजर कुणाचा श्वास ओढत नाही. त्याला ऊब लागते, आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ उबदार असतं. पण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला मान नीट सावरता येत नाही, मांजर तोंडाशी येऊन पसरलं तर खरोखर गुदमरू शकतं. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही, फक्त तिच्यामागचं कारण चुकीचं सांगितलं आहे. बाळ झोपलं की खोलीचं दार लावायचं, मांजर आणि बाळ यांना एका खोलीत एकटं ठेवायचं नाही. बाळ यायच्या महिनाभर आधीपासून तो दरवाजा बंद ठेवायची सवय लावली तर मांजरालाही ते बाळामुळे झालं असं वाटत नाही. माझ्या घरी तेव्हा असलेला बोका दाराबाहेर पायपुसण्यावर झोपायचा आणि बाळ रडलं की माझ्याआधी उठून स्वयंपाकघरात मला बोलवायला यायचा.

दूधभाताबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण इथे मांजराचंच नुकसान होतं आणि ते कुणाला दिसत नाही. मांजर जन्मजात मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला आहारातूनच लागतो आणि तो मांस-मासळीत असतो, भातात नाही. तो कमी पडला तर हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगतं, नजर जाते. हृदयाचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला. आणि दूध? पिल्लू मोठं झालं की बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आपण म्हणतो ‘मांजराचं पोट नाजूक’, आणि पुन्हा दूधच घालतो. शाकाहारी घरांची अडचण मला समजते. त्यांनी तयार कोरडं खाद्य आणावं, त्यात टॉरिन घातलेलं असतं. बाकीच्यांनी मासळी उकडून, काटे काढून, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता द्यावी. कच्चं देऊ नये. टॉक्सोची भीती असेल तर हेच सगळ्यात मोठं पथ्य, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमकं तेच सांगितलेलं नाही.

आता ‘लळा नसतो, कुठेही जगतं’. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात २०१९ साली पिल्लांना त्यांच्या माणसापासून दोन मिनिटं दूर ठेवून परत भेटवलं. साधारण ६४ टक्के पिल्लं माणूस परतताच निवांत झाली, त्याला भेटून पुन्हा खेळायला लागली. लहान मुलांमध्येही हे प्रमाण जवळपास एवढंच आढळतं. पण मला त्यापेक्षा माझ्या आजोळची गोष्ट सांगायची आहे. तिथे मामाने एका बोक्याला पोत्यात घालून मासळी बाजारात सोडलं होतं. अकराव्या दिवशी तो पडवीत येऊन बसला, कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. पुढची वीस वर्षं ही गोष्ट ‘मांजराला काही होत नाही’ म्हणून हसत सांगितली गेली. त्याच्याआधी तशीच दोन मांजरं सोडली होती. ती परत आली नाहीत. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण सांगायला काही नाही.

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी वाचतं, ही समजूतही अशाच हिशेबावर उभी आहे. न्यूयॉर्कच्या १३२ मांजरांचा १९८७ चा अभ्यास त्यासाठी सांगतात, त्यातली ९० टक्के उपचारानंतर वाचली होती. पण मोजली गेली ती दवाखान्यात आणलेली मांजरं. जागीच मेलेलं कोण दवाखान्यात नेतं?

घरात वाढलेलं मांजर बाजारात सोडलं की तिथल्या बोक्यांची हद्द त्याला माहीत नसते, गाड्या माहीत नसतात, शिकार येत नसते. पहिले काही दिवस ते एखाद्या टपरीखाली उपाशी दबून बसतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर वाजवी कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे. ‘पाप लागत नाही’ म्हणणाऱ्याने निदान हे तरी लिहायला हवं होतं.

राहिलं अशुभाचं. सासूबाईंना मी फोनवर एकच विचारलं: बाळाच्या पाचवी-सहावीला तुम्ही कुणाची पूजा करणार? सटवाईची. सटवाई म्हणजे षष्ठी, तान्ह्या मुलांची राखणदार. बंगालात या षष्ठीची मूर्ती असते, कडेवर बाळ घेतलेली, आणि तिचं वाहन मांजर आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोतं परत माळ्यावर ठेवायला सांगते.”

कुणाच्या घरी खरोखरच ठेवणं शक्य नसेल, दम्यामुळे किंवा दुसऱ्या कशाने, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण मग ओळखीतलं घर शोधा, त्यासाठी एखादा महिना जाऊ द्या. आधी नसबंदी करून घ्या. लसीकरणाचं कार्ड, नेहमीचं खाद्य, तिच्या अंगाचा वास असलेली जुनी चादर सोबत द्या. नव्या घरी पहिले दोन आठवडे एकाच खोलीत ठेवायला सांगा. आणि नेताना पोत्यातून नाही, जाळीच्या पिंजऱ्यातून न्या. पिंजऱ्यावर ती चादर टाका, अंधारात ती जरा शांत बसते.