आजारी मुलाचा श्वास मोजणं हा उपचारच आहे

लहान मुलांच्या वॉर्डात एक प्रश्न सारखा कानावर पडतो. "सिस्टर, सलाईन कधी लावणार?" पोराला जुलाब-उलट्या चालू असतात, आईचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि बाटली लटकली की उपचार सुरू झाले असं घरच्यांना वाटतं. साहजिकच आहे, दुसरं काही त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पण ताप, खोकला, जुलाब या नेहमीच्या आजारांत मुलाला सावरणारी बरीचशी कामं बाहेरून काम वाटतच नाहीत. कुणीतरी जवळ बसून बघत असतं, मोजत असतं, चमच्याने पाजत असतं.

श्वासाचंच घ्या. मूल शांत हवं, रडत किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा कामाचा नाही. झबलं वर करायचं आणि पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चौपट करणं चालत नाही, कारण बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच भरभर चालतो, मध्येच थबकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर वाट बघायचीच नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ठीक दिसत असतानाही मूल श्वासासाठी झगडत असू शकतं.

हे एक मिनिटच आज मिळत नाही. एकेका नर्सकडे इतकी मुलं असतात की मोजण्याऐवजी अंदाज लिहिला जातो. मग तक्त्यात खाट बदलते, वय बदलतं, श्वास मात्र सगळ्यांचा ३०. असा तक्ता बघितला की मला राग येतो, आणि तो त्या नर्सवर नसतो. मिनिटभर उभं राहण्याइतकी माणसं नेमायची नाहीत आणि वर तक्ता भरलेला हवा, असं ठरवणाऱ्यांवर असतो.

जुलाबाचंही तेच. पाणी बेताचं कमी झालेलं आणि पिऊ शकणारं मूल ओआरएसवर सावरतं. पुडी अर्धी-अर्धी करायची नाही, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी विरघळवायची. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली की लोक पाजणंच सोडतात; दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमचा-चमचा सुरू करायचं, आधीपेक्षा सावकाश. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मूल मलूल पडलं, पिता येईना, डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर फारच हळू बसू लागली, तर मात्र सलाईन लागतं, आणि तेव्हा ते लगेचच लागतं.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं जात होती आणि सलाईन पुरत नव्हतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांकडे दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. घरच्यांना हाताशी धरलं की काय होतं याचा याहून मोठा पुरावा मला नको.

तापात गार पाण्याच्या पट्ट्यांचा आग्रह सोडा. मूल कुडकुडतं आणि आणखी बेजार होतं. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. घोळ होतो तो बाटलीत. ड्रॉप्स आणि सिरप एकाच नावाचे असतात, पण ड्रॉप्स कितीतरी तीव्र. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं की डोस कुठल्या कुठे जातो. ॲस्पिरिन तापात मुलांना द्यायचीच नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी वाट बघत बसू नका.

आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती तातडीची बाब. पहिल्यांदाच आली असेल तर थांबल्यावरही दाखवाच.

आता आईबाबांना एक विनंती. वॉर्डात असताना आम्हाला विचारा, "श्वास किती आहे? लघवी किती वेळा झाली?" बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही. आणि घरी जायच्या आधी औषधाचं माप आमच्यासमोर स्वतःच्या हाताने भरून दाखवा. नुसतं "समजलं, सिस्टर" म्हणून निघू नका.