नळाला पाणी नाही म्हणून बोटीचं इंजिन कोरडं चालवू नका

बोटी आणि त्यांची मशिनं गोडाऊनला लावायचे दिवस आले आणि चिक्कोडी-निपाणीकडच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरायलाय. गोड्या पाण्यात चाललेलं इंजिन धुवायला लागत नाही, नळ नसेल तर दोन मिनिटं कोरडंच चालवा म्हणजे आतलं पाणी उडून जातं, प्लगच्या होलातनं डिझेल ओता, पेट्रोल टाकीत राहू दे, थंडीसाठी बादलीतनं अँटीफ्रीझ (पाणी गोठू नये म्हणून घालायचं द्रव) इंजिनात ओढून घ्या, असं सगळं त्यात आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठची माणसं असल्याच बोटींतनं बाहेर काढली, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ते कोरडं चालवायचं बघू, कारण सगळ्यात वाईट सल्ला तोच. आउटबोर्डच्या (बोटीच्या मागं बाहेरनं आवळायच्या इंजिनाच्या) पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, गियरच्या वर, रबराचा इंपेलर (पाकळ्यांचं चाक) असतो, तो पाणी वर ओढतो आणि त्याच पाण्यावर स्वतः गुळगुळीत फिरतो, वेगळं वंगण त्याला नाहीच. पाणी नसलं की रबर त्याच्या भोवतीच्या डब्याला घासतं, तापतं, आणि थोड्या सेकंदांतच पाकळ्या खराब व्हायला लागतात. दोन मिनिटं तर लांबच राहिली. तुटलेले तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकतात ते वेगळंच. आणि हे त्या दिवशी कळत नाही ओ, इंजिन मस्त चालू होतं, बंद होतं, झाकून ठेवतात. कळतं कधी तर पुढच्या पावसाळ्यात, भर धारेत, बोटीत म्हातारी माणसं आणि पोरं असताना मशीन तापून बंद पडतं तेव्हा. पाणी काढायचंच असेल तर इंजिन बंद करून सरळ उभं ठेवा, आपोआप निथळतं. पूर्ण निथळायच्या आधी आडवं टाकू नका आणि पाय डोक्यापेक्षा वर तर कधीच नको, राहिलेलं पाणी सिलिंडरात उतरू शकतं.

आता गोडं पाणी. मीठ नाही हे खरं, पण पुराचं पाणी म्हणजे निव्वळ गाळ. आपली काळी माती बारीक, वाळली की घट्ट बसते, थर्मोस्टॅट (इंजिनाची उष्णता सांभाळणारा व्हॉल्व्ह) आणि पिचकारीची, म्हणजे इंजिन चालू असताना बाहेर उडणाऱ्या पाण्याच्या धारेची, बारीक नळी चोंदते. त्यामुळं धुवायलाच पाहिजे, आणि त्याला नळ लागत नाही. २०० लिटरचं स्वच्छ बॅरल घ्या, औषधाचं नको. विहिरीचं, बोअरचं, टँकरचं, कुठलंही स्वच्छ पाणी चालतं. पंखा काढून ठेवा, इंजिन मजबूत लाकडी घोड्यावर घट्ट आवळा, पाय बॅरलात सोडा आणि पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या चांगलं वर येईल एवढं भरा. मग न्यूट्रलमध्ये, उघड्यावर, हळू चालवा, रेस करू नका, पाणी उसळून पातळी उतरते. पिचकारी आली पाहिजे, नाही आली तर ताबडतोब बंद. पहिलं पाणी गढूळ झालं की बदला आणि परत दहा मिनिटं चालवा. ते तेलकट पाणी विहिरीजवळ ओतू नका.

पेट्रोलचं तर ऐकूच नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल कार्बोरेटरात चिकट थर धरतं. बॅरलात शेवटच्या वेळी चालवताना पेट्रोलची पाइप काढा, इंजिन आपसूक बंद पडू दे, मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू उघडून उरलेलं काढून घ्या. टाकीही रिकामी करा. (फ्युएल इंजेक्शनवालं असेल तर हे करू नका, त्याचं मॅन्युअल बघा, स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ नये म्हणून घालायचं द्रव) टाकायला सांगतात.)

डिझेल सिलिंडरातली तेलाची पातळ फिल्म धुऊन टाकतं, म्हणजे उलटंच काम. प्लग काढून प्रत्येक होलात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल टाका, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या स्विचची) क्लिप काढा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, दोरी दोन-चार वेळा हळू ओढा, प्लग परत लावा.

अँटीफ्रीझ बर्फाच्या देशातलं. तिकडं बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनातलं पाणी गोठून साधारण नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉक फुटतो, म्हणून ते लोक बादलीतनं ओढून घेतात आणि त्यांचं बरोबरच आहे. आपल्या डिसेंबरात पाणी गोठत नाही. वर गाडीतलं साधं इथिलीन ग्लायकॉल विषारी, चवीला गोड, गोठ्याजवळ सांडलं तर जनावरं चाटतात.

मेसेजमध्ये गियर ऑइलचं नावच नाही, तेही बघा. पायातल्या गियरच्या डब्याचे खालचा आणि वरचा स्क्रू उघडून तेल काढा, दुधासारखं पांढरं असेल तर सीलमधनं पाणी शिरलंय, सील बदलून घ्या. पुरात उसाचा पाला आणि ठिबकच्या नळ्या पंख्याच्या शाफ्टला गुंडाळतात, त्यानंच बहुतेक सील कापतं, म्हणून पंखा काढलेलाच आहे तर शाफ्ट साफ करून ग्रीस लावा. नवं तेल खालनं भरा, वरच्या होलातनं बाहेर आलं की पहिल्यांदा वरचा स्क्रू लावा, मग खालचा. हे आत्ताच करा, जूनपर्यंत थांबलात तर बेअरिंग तोवर गंजलेलं असेल.