दूध पचत नाही, म्हणून ताकही बंद? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

प्रौढ माणसे दूध का सोडतात, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया सावकाश वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की सकाळी उपाशीपोटी पेलाभर दूध घेतले की आपले पोट दुपारपर्यंत गुडगुडते, म्हणून चाळिशीनंतर आपण दूध, दही, ताक सगळेच बंद केले. कॅल्शियमसाठी नाचणी पुरेशी आहे. भेसळ, जनावरांना टोचली जाणारी इंजेक्शने आणि वाढलेले दर यांवर मी मौन बाळगले. आणि एकंदरीत ‘एसीत बसून डेअरीवाल्यांची वकिली’ केली.

लेखाचे शीर्षक थोडे भडक होते, हे मान्य. वकिली मात्र मान्य नाही. करवीर तालुक्यातल्या ज्या घरात मी वाढलो, तिथे म्हशी होत्या आणि दूध दोन्ही वेळा ते विकत घेणाऱ्या सहकारी संस्थेत जायचे. किटलीतले दूध मापून झाले की नमुना फॅटच्या यंत्राला लागायचा, आणि फॅट कमी लागून दर घटला की आईचा चेहरा उतरायचा. घरात उरायचे ते चहापुरते आणि विरजणापुरते. कोल्हापूर शहरातली मंडळी गंगावेशेतल्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचे पेले रिचवत असताना, आमच्याकडच्या कित्येक बायकांनी स्वतःसाठी कधी पेलाभर दूध बाजूला काढले नव्हते. दूध लेकराबाळांचे आणि आजाऱ्याचे, ही समजूत मी कुठून वाचून उचललेली नाही. ती आमच्या चुलीपाशी रोज पाळली जात होती. एसीचा उल्लेख आपण टाळला असता, तर बरे झाले असते.

आपल्याला दूध पचत नाही, याबद्दल मी कुठेही शंका घेतलेली नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि गुडगुड, गॅस, जुलाब सुरू होतात. पण यावरून दुधाचे सगळेच वर्ज्य, हा निष्कर्ष आपण कसा काढलात? विरजण लागताना जिवाणू हीच साखर काही प्रमाणात संपवतात आणि दह्याबरोबर पोटात जाऊन उरलेली फोडायलाही हातभार लावतात. पनीर करताना तिचा बराच भाग निवळीतून निघून जातो. खुद्द दुधाचेही असे आहे, की ते न पचणाऱ्यांपैकी पुष्कळांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण पेलाभर दूध, जेवणाबरोबर घेतल्यास फारसा त्रास देत नाही. आपण ते घेत होतात उपाशीपोटी! दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ताकही नको. पण आपण ॲलर्जीचे नावही काढलेले नाही, आणि लॅक्टोज पचते की नाही हे कळण्यासाठी श्वासातील हायड्रोजन मोजण्याची तपासणी करून घेतल्याचेही लिहिलेले नाही.

नाचणी उत्तमच आहे. मात्र आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे, आणि ते निव्वळ नाचणीवर भागवायचे तर पाव किलोहून अधिक पीठ रोज पोटात जायला हवे. तेवढ्या भाकऱ्या आपण खात असाल, तर आपल्याला माझा साष्टांग नमस्कार.

उरलेल्या मुद्द्यांत फार दम नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या 6432 नमुन्यांपैकी भेसळीचे 12 निघाले. त्याच पाहणीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने त्याहून कितीतरी अधिक होते, पण त्याची आपल्याला चिंता दिसली नाही. इंजेक्शनांबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणारे सगळे खरे धरून लिहिण्याची माझी पद्धत नाही. दर वाढले आहेत, हे मलाही दिसते. तो त्या लेखाचा विषय नव्हता.

जेवणाबरोबर वाटीभर ताक काही दिवस घेऊन पाहा. तरीही त्रास झाला, तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि प्रतिक्रिया त्यानंतर लिहा.