साकव टाकला असता तर

डेंटिस्टकडच्या माझ्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘पेशंट फार घाबरतात’ असं लिहून ठेवलेलं आहे. मी घाबरत नाही. मी रडत होतो, आणि त्या रडण्याचा दाढेशी काडीचाही संबंध नव्हता. हे काउंटरवरच्या मुलीला मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, “हो सर, होतं असं,” आणि शेरा तसाच ठेवला.

रूट कॅनलचं दुसरं सिटिंग होतं. डॉक्टर यायचे होते. भिंतीवर किडक्या दाढेचं हसरं पोस्टर, टीपॉयवर गेल्या दिवाळीचा अंक, त्यातलं राशिभविष्य कुणीतरी फाडून नेलेलं. माझ्या पिशवीत लेकीचं पुस्तक होतं, ‘ब्रिज टू टेराबिथिया’. ती सहावीत आहे. पुस्तक देताना “दहाव्या प्रकरणापर्यंत आलास की सांग” एवढंच म्हणाली होती आणि हसली नव्हती.

कॅथरिन पॅटरसन या अमेरिकन बाईंची ही १९७७ सालची कादंबरी. पुढच्या वर्षी तिला तिकडचं बालसाहित्याचं मोठं न्यूबेरी पदक मिळालं. व्हर्जिनियातल्या एका खेड्यात जेस नावाचा मुलगा राहतो. चार बहिणींत एकटा, घरात कायम पैशाची ओढाताण. पाचवीत गेल्यावर आपणच सगळ्यात जोरात धावायचं म्हणून बिचारा अख्खी सुट्टी पळण्याचा सराव करतो, आणि शर्यतीच्या दिवशी शेजारी नव्याने राहायला आलेली लेस्ली नावाची मुलगी सगळ्या पोरांना मागे टाकते. मग दोघांची गट्टी जमते. ओढ्यापलीकडच्या झाडीत ते टेराबिथिया नावाचं आपलं एक राज्य वसवतात. हा राजा, ती राणी. जायला वाट एकच, झाडाला बांधलेला दोर धरून झोका घेत पलीकडे. राज्यात जादू वगैरे काही नाही, चार फळ्यांचा किल्ला आणि बाकी सगळं डोक्यात. (२००७ मध्ये यावर सिनेमा आला तेव्हा जाहिरातीत इतके राक्षस दाखवले होते की माझा भाचा अजून पुस्तकात ते शोधतोय.)

दहाव्या प्रकरणाचं नाव आहे ‘द परफेक्ट डे’. जेसच्या आवडत्या बाई त्याला वॉशिंग्टनला चित्रं बघायला नेतात. लेस्लीलाही बोलवायचं त्याला सुचत नाही, आणि सुचलं नाही याचा त्याला मनातून जरासा आनंदच होतो. दिवस झकास जातो. घरी येतो तर सगळे चुपचाप बसलेले. आणि त्याची एक मोठी बहीण एका वाक्यात सांगून टाकते की लेस्ली गेली. दोर तुटला, ओढ्याला पाणी होतं. वर्णन नाही, पार्श्वसंगीत नाही, एक वाक्य. पुढच्या प्रकरणाचं नाव नुसतं ‘नो!’

त्या वाक्याशी माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि समोरचे काका उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

सत्तरीचे असतील. पांढरी सफारी, खिशाला दोन पेनं, गालावर सूज. “दुखतंय का फार?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. कशी हलवली ते मला माहीत नाही, पण त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. “घरचं काही?” मला बोलवेना. मी एवढंच म्हणालो, “लेस्ली गेली.”

“अरेरे. ख्रिश्चन होत्या का?”

“हो. म्हणजे, असेल.”

“वय काय?”

“पाचवीत होती.”

यावर अख्ख्या वेटिंग रूममधून एक ‘च्च’ निघाला. सासूला कवळी बसवायला घेऊन आलेल्या एका बाईंनी पदर तोंडाशी नेला. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “इथेच असायची का?”

“नाही, व्हर्जिनियात.”

“म्हणजे अमेरिका! मग तुम्हाला आता व्हिसा कसा मिळणार लगेच?” बाई म्हणाल्या, “माझी भाची न्यू जर्सीला असते, फोन लावू का तिला?” सासूबाईंनी तोंडात दात नसताना काहीतरी विचारलं, त्याचं भाषांतर सुनेने केलं: “तिकडेच करणार की आणणार?” काउंटरवरच्या मुलीने तेवढ्यात माझं कार्ड उचलून सगळ्यात वर ठेवलं. “सर, तुम्ही आधी जा. कोणाची काही हरकत नाही ना?” कोणाचीच नव्हती.

मी तिथेच गप्प बसलो असतो तर आज माझ्या नावावर तो लाल शेरा नसता. पण भाची न्यू जर्सीहून उचलायच्या बेतात होती. मी पुस्तक वर धरलं. “यातली,” मी म्हणालो.

शांतता पसरली. बाईंनी फोन बंद केला. “म्हणजे गोष्ट?” मग पुस्तक पाहून, “आणि तीही लहान मुलांची?” काकांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि काउंटरकडे वळून खणखणीत आवाजात जाहीर केलं, “मॅडम, यांचं कोणी वारलेलं नाही!” माझं कार्ड परत खाली गेलं. बहुधा शेराही तेव्हाच पडला.

आता मला सांगा, यात रडू नये असं काय होतं? ‘श्यामची आई’ वाचून रडलं नाही असं एक मराठी घर दाखवा. मी हे तिथे बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, “ते वेगळं. त्यात आई असते.” बाई म्हणाल्या, “आणि त्यातून काहीतरी शिकायला मिळतं. याचं तात्पर्य काय?”

या तात्पर्याचा मला मनापासून वीट आला आहे. पोराच्या हातात पुस्तक दिसलं की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, यातून काय शिकलास? अमेरिकेत तरी काय वेगळं? शिव्या आहेत, देवाचं नाव भलत्या ठिकाणी घेतलंय, असं म्हणत या पुस्तकाविरुद्ध तिथल्या पालकांनी इतक्या तक्रारी केल्या, की नव्वदच्या दशकात सर्वाधिक आक्षेपांच्या यादीत ते पहिल्या दहात होतं. पाचवीतली मुलगी मेली ते चालतं, शिवी चालत नाही. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तर ‘येथे मुलांनी खेळू नये’ ही पाटी गच्चीच्या दारावर आहे, जिन्यात आहे आणि पाण्याच्या टाकीवरही आहे. राज्य वसवायचं तर कमिटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, आणि ते मिळेस्तोवर राजा इंजिनिअरिंगला जाईल.

इंजिनिअरिंगवरून आठवलं. काका गप्प बसले नव्हते, ते विचार करत होते. “पण काय हो,” ते म्हणाले, “ओढा किती रुंद होता?”

“दिलेलं नाही.”

“अंदाजे?”

“दहा वर्षांची मुलं झोका घेऊन पलीकडे जातात म्हणजे...”

“म्हणजे चार-पाच मीटर. मग दोर कशाला? साकव टाकायचा!” मी डेप्युटी इंजिनिअर म्हणून पी.डब्ल्यू.डी.तून रिटायर झालो, त्यांनी सांगितलं. रत्नागिरीला असताना म्हणे त्यांनी इतके साकव टाकले की मोजमाप पुस्तकं संपली. “पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं ते गावकऱ्यांना विचारायचं, त्याच्या वर ठेवायचं. झालं! तिथली ग्रामपंचायत काय करत होती?”

मी म्हणालो, व्हर्जिनियात ग्रामपंचायत नसते. मग जिल्हा परिषद, ते म्हणाले. मला कळेना की मी उत्तरं का देतोय. विषय संपावा म्हणून मी त्यांना खरी हकिगत सांगितली: लेखिकेच्या स्वतःच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण १९७४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर वीज पडून गेली होती. त्याच वर्षी बाईंचं स्वतःचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. मुलाला काय सांगावं हे कळेना, म्हणून त्यांनी हे पुस्तक लिहिलं. पुढे त्याच मुलाने मोठा होऊन सिनेमाच्या पटकथेवर काम केलं.

वाटलं, आता तरी काका हळहळतील. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “किनाऱ्यावर लाइटनिंग अरेस्टर बसवायला हवा.”

तेव्हा मात्र मी चिडलो. मी म्हणालो, काका, २०१६ साली महाडला सावित्रीवरचा पूल एसटीच्या गाड्यांसकट वाहून गेला, तेव्हा तुमचं खातं काय करत होतं? कोकणात पोरं अजून छातीएवढ्या पाण्यातून दप्तर डोक्यावर धरून शाळेत जातात, त्यांच्या वाट्याचे साकव कुठल्या फायलीत आहेत?

वेटिंग रूममध्ये पुन्हा शांतता. काका म्हणाले, “सावित्रीच्या वेळी मी रिटायर झालो होतो.” आणि थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना, “आणि तो ब्रिटिशांनी बांधला होता.”

माझा नंबर आला. पुस्तक खुर्चीवरच राहिलं. आत डॉक्टरांनी अर्धा जबडा आणि अर्धी जीभ बधिर केली, मशीन घुं घुं करत राहिलं, आणि मी छताकडे बघत जेसचं पुढे काय होतं याचा विचार करत होतो. लेस्लीने नाताळात दिलेले रंग तो ओढ्यात फेकून देतो, एवढं मी पानं चाळताना ओझरतं पाहिलं होतं. बाहेर आलो तर काका शेवटचं प्रकरण वाचत होते. त्या प्रकरणाचं नावच ‘पूल बांधताना’ अशा अर्थाचं, त्यामुळे अनुक्रमणिकेतून ते थेट तिथे उतरले होते. मधली बारा प्रकरणं त्यांच्या दृष्टीने प्रशासकीय मान्यतेची.

“बांधला हो पोराने!” ते जवळजवळ ओरडलेच. “लेस्लीच्या घरी उरलेल्या फळ्या घेतल्या, तिच्या वडिलांना विचारून. एक नंबर पोरगा. धाकट्या बहिणीला हात धरून नेतो पलीकडे.” मग आवाज खाली आला. “पण फळ्या दोन्ही काठांवर टेकवल्या कशावर ते लिहिलेलं नाही. पाणी चढलं की पहिल्या पावसात जाईल.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. मला शेवट सांगून टाकला याबद्दल तर फारच. तोंडातून निघालं ते असं: “काखा, थो धहा वर्षांचा आहे.”

“म्हणूनच म्हणतो,” काका म्हणाले, “मोठ्यांनी आधी बांधायला पाहिजे होता.”

यावर बधिर जिभेने काय उत्तर देणार? नीट जिभेनेही सुचलं नसतं, ही आणखी चीड. काकांनी पुस्तक ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेलं आणि माझा नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर चौकटीच्या वहीच्या पानाचा फोटो आला: पेन्सिलीने काढलेला साकव, दोन्ही काठांना दगडी आधार, कठडा, आणि खाली ‘मुलांसाठी कठड्याची उंची वाढवली आहे’. मी लिहिलं, पहिल्या प्रकरणापासून वाचा, पुस्तक पुलाबद्दल नाही. उत्तरादाखल गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’. लेक रोज पुस्तक मागतेय. मी रोज काकांना आठवण करतो आणि रोज मला गुलाब येतो. काल गुलाबाखाली एक ओळ जास्त होती: ‘सातव्या प्रकरणावर आहे, पुढचं सांगू नका.’