निपाणीच्या वाचकांचा आक्षेप आणि माझे उत्तर

सस्नेह नमस्कार.

फोटो सुधारायला नवशिक्यांनी डार्कटेबलसारखे मोफत सॉफ्टवेअर वापरावे, असे मी एका लेखात सुचवले होते. त्यावर ‘मोफत सॉफ्टवेअरच्या नादी लावून आपण नवशिक्यांचे वर्ष वाया घालवता, लग्नाची कामे घ्यायची तर फोटोशॉपवाचून गत्यंतर नाही, आणि डार्कटेबल तर माझ्या लॅपटॉपवर रडतखडत चालते,’ असे आपण लिहिले आहे. यातले काही मला मान्य आहे. निपाणी काय किंवा बेळगाव काय, अल्बमची पाने पीएसडी टेम्प्लेटवर, म्हणजे फोटोशॉपच्या तयार नमुन्यांवर, बांधली जातात, आणि ती फाइल गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली तरी तिच्यातले सारे थर (लेयर) जसेच्या तसे हाताळता येतील याची खात्री नसते. ज्याला अल्बम डिझायनिंगचाच धंदा करायचा आहे, त्याने फोटोशॉपच घ्यावे. हे मूळ लेखात लिहायचे राहिले.

मात्र तो लेख पहिलाच कॅमेरा हाती आलेल्यांसाठी होता. बेळगावच्या शिवजयंतीतील चित्ररथ मिरवणुकीचा रात्रीचा एखादा फोटो घ्या. मावळ्याच्या चेहऱ्यावर हॅलोजनचा पिवळा झोत, मागे मिट्ट काळोख, आणि फेट्याचा भगवा करपल्यासारखा. जेपीईजीत, म्हणजे कॅमेरा तयार करून देतो त्या नेहमीच्या फोटो-फाइलीत, प्रत्येक रंगाच्या 256च पायऱ्या असतात, त्यामुळे काळोख उजळू लागताच पट्टे उमटतात. 14 बिटांच्या रॉ फाइलीत, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलीत, त्याच पायऱ्या 16,384 असतात. डार्कटेबलमध्ये एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडे वाढवले आणि लेझीम पथकातल्या कुणाच्या पांढऱ्या सदऱ्यावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) घेतला, की चेहरा माणसासारखा दिसू लागतो. अडोबीच्या लाइटरूम या विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही नेमके हेच करावे लागते. फरक इतकाच, की तिथे शिकत असतानाही भाडे चालू राहते.

भाडे हा शब्द मी मुद्दाम वापरला. एकरकमी विकत मिळणारी लाइटरूमची शेवटची आवृत्ती, म्हणजे लाइटरूम 6, 2015 साली आली. आता वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकचा डेव्हलप, म्हणजे फोटो सुधारण्याचा, विभाग बंद होतो. फोटो पाहता येतात, पण त्या विभागातले बारीक काम पुढे करता येत नाही. डार्कटेबल मूळ फाइलीला हात न लावता केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहून ठेवते, आणि ते कधीही पुन्हा उघडता येतात. (पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या ‘फुकट’ फोटोशॉपविषयी न बोललेले बरे, तशा एका प्रतीबरोबर आलेल्या व्हायरसने माझे दोन वर्षांचे फोटो गिळले आहेत.)

राहिला वेगाचा प्रश्न, आणि तिथे आपली तक्रार रास्तच आहे. चार जीबी रॅमवर डार्कटेबल अडखळते. ब्राउझर बंद करून, आधी निवडलेले पाच-दहाच फोटो उघडून पाहावेत; तरीही जमले नाही तर रॉथेरपी हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. आपल्या लॅपटॉपची रॅम आणि कॅमेऱ्याचे मॉडेल कळवलेत, तर मला अधिक नेमके सांगता येईल.